गाडीत पाणी येतंय, कार्पेट वाळतच नाही: पाण्याची वाट कशी शोधायची

कार्पेट उन्हात वाळवलं, परफ्यूमची नवी बाटली अडकवली, आणि पुढची झड लागली की मॅटखाली पुन्हा पचपच. दरवाजाचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, बदललं तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो, "पावसाळ्यात थोडंफार येतंच मालक, सांभाळून घ्या." ज्यांची गाडी या चक्रात अडकलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं आपल्याच भागातली, म्हणजे मराठवाड्यातली आहेत. कोकणात चार महिने भिजणाऱ्या गाडीचे आजार वेगळे, आणि आठ महिने फुफाट्यात फिरून एकदम पावसात सापडणाऱ्या मराठवाड्यातल्या गाडीचे वेगळे.

आधी एक गोष्ट. गाडीत पाणी शिरणार हे बनवणाऱ्यानं धरलेलंच असतं. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाजाच्या पोटात उतरतं, समोरच्या काचेवरचं वायपरखालच्या पन्हळीत जातं, सनरूफभोवतीच्या खाचेत साचतं, आणि एसीचं पाणी तर गाडी स्वतःच तयार करते. या प्रत्येक ठिकाणी खाली एक भोक किंवा नळी ठेवलेली असते. आपल्याकडं ही भोकं धूळ, कडुलिंबाचा पाला आणि काळी माती यांनी बुजतात. पाण्याला बाहेरची वाट राहिली नाही की ते आत वळतं. वरून रबर कितीही नवं टाका, खाली तुंबलेलं तुंबलेलंच. म्हणून सिलिकॉनची ट्यूब आणायच्या आधी निचऱ्याच्या जागा बघायच्या. त्याला पैसे लागत नाहीत, आणि बरेचदा दुखणं तिथंच सापडतं.

ओल कुठं, आणि कधी

मॅट काढा आणि कार्पेट हातानं दाबून बघा, चारही ठिकाणी. नुसतं वरून हात फिरवून कळत नाही. कार्पेटखाली फोमचा किंवा गोणपाटासारख्या चिंध्यांचा जाड थर असतो आणि पाणी सगळं तिथं असतं. वरचा केसाळ भाग कोरडा ठणठणीत आणि खालचा फोम पिळला तर मगभर पाणी, असं सर्रास होतं.

क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटला, पुढं पायाशी ओल असेल तर पहिला संशय एसीचा निचरा, दुसरा वायपरखालची पन्हळ. ड्रायव्हरच्या पायाशी असेल तर बोनेटमधून आत येणाऱ्या वायरींची रबरं. मागच्या सीटच्या पायाशी असेल तर दरवाजे. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागचे दिवे आणि डिक्कीचं रबर. छताच्या कापडावर किंवा काचेशेजारच्या खांबावर पिवळट डाग असेल तर सनरूफ, अँटेना किंवा कॅरिअरचे बोल्ट.

पण हे अंदाजच. फ्लोअरच्या पत्र्याला खाचा आणि उंचवटे असतात, पाणी त्यातून वाहत कुठल्या कुठं जाऊन बसतं. घरासमोर उतारावर तोंड वर करून गाडी लावत असाल तर पुढून आलेलं पाणी रात्रभरात मागच्या सीटखाली गेलेलं असतं. त्यामुळं 'कुठं'पेक्षा 'कधी' हा प्रश्न जास्त कामाचा. गाडी उभी असताना पावसात ओली होते, की पावसात चालवल्यावरच? एसी लावून लांब गेल्यावर? वॉशिंग सेंटरवरून आणल्यावर? की मागच्या काचेचा वॉशर मारल्यावर? शेवटचं ऐकून हसू येईल, पण बऱ्याच हॅचबॅक गाड्यांत मागच्या वॉशरची बारीक नळी पुढून निघून गाडीच्या आतूनच मागं जाते. ती मध्ये कुठं निसटली तर कडक उन्हाळ्यातही कार्पेट भिजतं आणि माणूस आभाळाकडं बघत बसतो.

बोटाला लागलेलं पाणी अंगठ्यावर चोळूनही बघा. चिकट, तेलकट लागलं, गोडसर वास आला, काचेवर आतून पुसता न येणारा धुरकट थर बसत असेल, तर ते पावसाचं पाणी नव्हे, कूलंट आहे. डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. आपल्याकडं रेडिएटरमध्ये बोअरचं साधं पाणी ओतायची सवय बऱ्याच जणांना आहे, त्या गाडीत गोड वास येणारच नाही. तिथं गंजकट रंगावरून आणि टाकीतली पातळी घटते का यावरून ओळखायचं. हे दुखणं अंगावर काढू नका, इंजिन गरम होऊन बसेल. कूलंट विषारीही असतं, लहान लेकरं मागं खेळत असतील तर आणखीच जपा.

जुलैतलं पाणी पावसाचंच असेल असं नाही

इथं आपल्याकडची माणसं हमखास फसतात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं असतो, एसी दिवसभर चालतो, आणि गाडीत थेंब नाही. जून-जुलैत पाऊस सुरू होतो आणि क्लीनर साइडला ओल येते. कोणीही म्हणेल, पावसाचं पाणी शिरलं. पण एसीला पाणी मिळतं हवेतल्या बाष्पातून. आपला उन्हाळा कोरडा. त्या हवेत बाष्पच नसतं, मग पाणी पडणार कुठून? एसीची नळी मार्चपासून बुजलेली असली तरी मेअखेरपर्यंत पत्ता लागत नाही. पावसाळी दमट हवा आली की तोच एसी तासाभरात अर्धा-एक लिटर पाणी सहज काढतो. नळी बंद, मग ते डब्यातून ओसंडून सरळ कार्पेटवर.

तपासायला सोपं आहे. पाऊस नसलेल्या पण दमट दिवशी, कोरड्या जागेवर गाडी उभी करा, इंजिन चालू, एसी पूर्ण, १५-२० मिनिटं. खाली पुढच्या बाजूला थेंब थेंब गळून ओघळ दिसला पाहिजे. जमीन कोरडी आणि आत वळणावर डॅशबोर्डमागून पाणी हलल्याचा खळखळ आवाज, म्हणजे चोर सापडला. हीच चाचणी मे महिन्यात करून "पाणी पडत नाही म्हणजे नळी बंद" असा निष्कर्ष मात्र काढू नका.

नळी बुजते ती बहुतेक धुळीच्या गाळानं, आणि दुसरं कारण कुंभारमाशी. उभ्या गाडीच्या त्या नळीचं तोंड तिला मातीचं घर बांधायला अगदी बेतशीर पडतं. महिना-महिना दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे जास्त. गाडी रॅम्पवर घेऊन खालून नळीचं रबरी तोंड शोधा, चिमटीत धरून दाबा, चोळा. पुष्कळदा मातीचा गोळा तेवढ्यानंच पडतो आणि मागोमाग पाण्याची धार. आपलं तोंड बाजूला ठेवा, तो काळा गाळ अंगावर येतो. तरी मोकळं झालं नाही तर पाणी ओढणारा व्हॅक्यूम खालून लावा. कॉम्प्रेसरची हवा खालून मारली तर घाण वर एसीच्या जाळीत जाऊन बसते. आणि सायकलच्या तारेचा, छत्रीच्या काडीचा प्रयोग तर अजिबात नको. आत लगेचच एसीची नाजूक जाळी असते. तिला भोक पडलं तर गॅस जातो आणि फुकटातलं काम हजारोंवर जातं.

नळी मोकळी आहे, खाली पाणी पडतंय, तरी कार्पेट ओलं? मग डॅशबोर्डखाली हात घालून बघा, नळी तिच्या नाकावरून आतल्या बाजूनं निसटली असेल. एसीचं काम नुकतंच करून घेतलेल्या गाडीत हे आधी बघायचं.

वायपरखालची पन्हळ

बोनेट उघडा. काचेच्या बुडाशी प्लास्टिकची जाळी असते, तिच्याखाली पन्हळ, आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांना पाणी उतरायची वाट. गाडी कडुलिंबाखाली लावत असाल तर फाल्गुन-चैत्रातली पानगळ सगळी इथं असते. लिंबाची पानं बारीक, जाळीच्या फटीतून सहज आत जातात. गुलमोहराची तर त्याहून बारीक. त्यात धूळ मिसळली, पहिला पाऊस पडला की त्याचा असा काला होतो की वाट गच्च. मग पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत उतरतं.

ओळखायची खूण म्हणजे केबिन फिल्टर, गाडीत येणारी हवा गाळणारा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागं असतो, दोन बाजू दाबल्या की कप्पा खाली येतो. फिल्टर ओला, पानं चिकटलेली, चिखलाचा पट्टा, असं असेल तर पाणी वरून पन्हळीतून येतंय. फिल्टर कोरडा आणि कार्पेट ओलं असेल तर पुन्हा एसीच्या नळीकडं वळा. या एका तपासणीत निम्मा गोंधळ मिटतो.

पन्हळ साफ करताना पाला हातानं उचलून काढा. पाण्याच्या जेटनं मारला तर तोच पाला वाटेत आणखी घट्ट ठासला जातो. जाळी काढली असेल तर परत बसवताना सगळ्या क्लिपा लागल्या का आणि काचेच्या कडेचं रबर सरळ आहे का ते बघा.

दरवाजे

दरवाजा हलवताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो? मग खालच्या कडेची भोकं बंद आहेत. दरवाजाच्या तळाच्या पट्टीवर दोन-तीन लांबट फटी असतात. काळ्या मातीच्या शेतरस्त्यानं जाणाऱ्या गाडीत तिथं चिखल वाळून सिमेंटसारखा बसतो. आगकाडीनं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं उकरा. स्क्रूड्रायव्हर लावला तर रंग निघतो आणि पुढच्या वर्षी गंज.

भोकं मोकळी असून मागच्या पायाशी ओल येत असेल तर दरवाजाची आतली पन्नी बघावी लागते. दरवाजाचं आतलं पॅड काढलं की पत्र्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पन्नी दिसते. दरवाजाच्या पोटातलं पाणी आत येऊ न देणं हे तिचं काम, आणि तिची खालची कड पत्र्याच्या फटीतून आत सोडलेली असते, म्हणजे थेंब परत पोटातच पडतात. बाहेर मोठे स्पीकर किंवा सेंट्रल लॉक बसवून घेतलं की ही पन्नी ब्लेडनं कापतात आणि तशीच लोंबती ठेवून पॅड लावून देतात. पाणी मग पॅडच्या मागून उंबऱ्यावर, तिथून कार्पेटखाली. बाहेरचं बीडिंग कितीही बदला, या पाण्याला त्याचा अडसरच नाही. नवी जाड पन्नी कापून ब्युटिल टेपनं (चिकट रबरी टेप) चिकटवायची आणि खालची कड फटीत आत खोचायची. किरकोळ खर्चाचं काम आहे. पॅडच्या क्लिपा मात्र चार जादा आणून ठेवा, जुन्या गाडीच्या हमखास तुटतात.

बीडिंगची परीक्षा नोटेनं करा. दहाची नोट दरवाजात अर्धी ठेवून दरवाजा लावा आणि ओढा. थोडी अडकत आली तर ठीक, सुर्रकन निघाली तर तिथं रबर दबलंय किंवा दरवाजा बसलाय. असं दरवाजाभर फिरवा.

फुफाटा सांगतो ते ऐका

मराठवाड्यातल्या गाडीमालकाला एक सोय आहे जी कोल्हापूर-रत्नागिरीवाल्याला नाही. उन्हाळाभर धूळ आपल्याला नकाशा काढून देते. जिथून धूळ शिरते तिथून बहुधा पाणीही शिरतं. मेअखेरीला गाडी धुवायच्या आधी सगळे दरवाजे आणि डिक्की उघडून रबराच्या आतली बाजू बघा. रबर नीट बसत असेल तर त्याच्या आत पत्रा स्वच्छ असतो. कुठं आत जाणारा मातकट पट्टा दिसला, डिक्कीच्या एकाच कोपऱ्यात धुळीचा थर दिसला, तर ती जागा खडूनं खूण करून ठेवा.

डिक्कीत धूळ येते ती तीन-चार ठिकाणांहून: मागच्या दिव्यांचे गॅस्केट, डिक्कीचं रबर, दारातून जाणाऱ्या वायरींची रबरी नळी, आणि मागच्या बंपरआड असलेल्या हवेच्या झडपा. या झडपा फार कमी लोकांना माहीत असतात. दरवाजा आपटला की आतली हवा यांच्यातून बाहेर जाते. बारीक रबरी पडदे असतात. ते धुळीनं उघडे अडकले किंवा मागून ठोकलेली गाडी सरळ करताना नीट बसवले नाहीत, तर मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट आत. मागून ठोकर बसलेली गाडी असेल तर मी आधी तिथंच बघेन. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी दिसलं की लोक खालचं रबरी बूच काढून ठेवतात, "गेलं पाणी, मिटलं". मिटत नाही. तिथून खालचा चिखल वर येतो.

सनरूफवाल्यांसाठी थोडक्यात: चार कोपऱ्यांना चार नळ्या असतात, पुढच्या दोन खांबांतून खाली दरवाजाच्या बिजागरीजवळ, मागच्या दोन मागच्या चाकाजवळ किंवा बंपरमागं निघतात. सनरूफ उघडून खाचेत वाटीभर पाणी हळू सोडा आणि खाली येतं का बघा. आलं नाही तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलक्या हातानं घाला. जोरदार हवा मारू नका, नळी जोडावरून निसटली तर छत उतरवावं लागतं.

वायर, सीएनजी आणि उंदीर

गंगाखेडला मेव्हण्याची एक हॅचबॅक आहे, सीएनजी किट कंपनीचं नाही, बाहेरून बसवून घेतलेलं. फोनवर म्हणाला, "दाजी, उभी असली की थेंब येत नाही. परभणीहून पावसात घरी येईस्तोवर मात्र माझा बूट भिजतो." वॉशिंग सेंटरवर नळीनं पाणी मारून झालं, काहीच नाही. दोन गॅरेजवाल्यांनी दरवाजाचं बीडिंग सुचवलं.

'चालवल्यावरच' हा शब्द महत्त्वाचा होता. पुढचं उजवं चाक काढलं तर चाकावरचं काळं प्लास्टिकचं लायनर अर्धं तुटून गेलेलं. म्हणजे चाकानं उडवलेलं पाणी थेट आतल्या पत्र्यावर बसत होतं. त्या पत्र्यात वायरींचा मुख्य जुडगा जिथून आत जातो तिथं जाड रबरी बूच असतं. किटच्या स्विचची वायर आत न्यायला त्या रबराला ब्लेडनं चीर दिलेली. आत पेडलच्या वर बॅटरी धरली तर दृश्य स्पष्ट: चिरीतून आत आलेली पिवळी वायर, तिच्यावरून एकामागून एक सरकणारे थेंब, आणि वायर जिथं वळते तिथून टप्प कार्पेटवर. थोडं इकडं वळली असती तर फ्यूज बॉक्सवर. लायनर नवं बसवलं, चीर ब्युटिलनं भरली, आणि वायर आत शिरण्याआधी बाहेरच्या बाजूला तिला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीच पडून जातो. हा झोळ देणं कुठल्याही जादा फिटिंगचा पहिला नियम आहे. हॉर्न असो, फॉग लॅम्प असो की कॅमेरा.

सीएनजी गाड्यांत डिक्कीच्या फ्लोअरला पाडलेली पाइपची आणि बोल्टची भोकंही बघा. तिथं काही भरायचं असेल तर ते किटवाल्याकडूनच भरून घ्या, कारण काही नळ्या गळालेला गॅस बाहेर सोडण्यासाठी मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात. त्या पाण्याच्या भीतीनं बुजवू नका.

उंदरांचं काय सांगावं. सोयाबीन काढणी झाली, घरात-अंगणात पोत्यांच्या थप्प्या लागल्या की उंदीर बोनेटमध्ये येतात. वायरी कुरतडलेल्या लगेच कळतात, गाडी बंद पडते. कुरतडलेलं रबरी बूच कळत नाही, ते पुढच्या पावसाळ्यात कळतं. ब्लोअरजवळ चिंध्या, शेंगांची टरफलं सापडली तर आजूबाजूची सगळी बुचं बोटानं चाचपा.

पाणी ओतून बघताना

इतकं बघूनही सापडलं नाही तर पाण्याची चाचणी. कार्पेट आधी उचला, पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरा. एक जण आत बॅटरी घेऊन, दरवाजे बंद. दुसरा बाहेर. टँकरची वाट बघणाऱ्या गावात नळी सोडायला जीव होत नाही. झारी पुरते, किंवा झाकणाला भोकं पाडलेली बाटली. खरं तर झारीच बरी, कारण पाणी एका जागी पडतं आणि दाब नसतो. जेटच्या दाबानं चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं आणि भलतीकडंच संशय जातो.

खालून सुरुवात करायची. आधी उंबऱ्याची पातळी, मग बिजागऱ्या, मग आरसा, मग काचेची कड, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागेला पाच मिनिटं तरी द्या. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडं ओघळतं आणि कुठून आलं ते सांगता येत नाही. आतल्या माणसानं ओल न शोधता भुकटीवर उमटणारी पहिली रेघ बघायची आणि ती धरून वर जायचं.

समोरची काच कधी बदलली असेल तर तिचे वरचे दोन कोपरे जास्त वेळ भिजवा. काच युरेथेननं चिकटवतात, त्यात हवेचा बोगदा राहिला तर पाणी खांबाच्या आतून उतरून पायाशी येतं. तिथं वरून सिलिकॉन फासणं हा उपाय नव्हे, काच काढून पुन्हा चिकटवावी लागते. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन तर उघड्या पत्र्यावर लावूच नका, त्यातलं आम्ल पत्र्याला गंज लावतं.

वाळवणं

वाट बंद झाल्याची खात्री झाल्यावरच वाळवायला घ्या. आणि वाळवायचं म्हणजे कार्पेट उचलून. काचा उघड्या टाकून गाडी उन्हात ठेवली की वरचे केस वाळतात, फोम महिनाभर ओला राहतो, आणि तो कुबट वास फोममधल्या बुरशीचा असतो. परफ्यूमनं त्याचा बुरशी अधिक मोगरा होतो, एवढंच.

उंबऱ्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वर ओढल्या की निघतात. ओल थोडी असेल तर कार्पेटची कड उचलून खाली विटेचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा घाला आणि घरातला टेबलफॅन दारातून लावा. फोम जास्त भिजला असेल तर सीट काढावीच लागते. सीटखाली एअरबॅगची पिवळी जोडणी असते. ती सोडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, काही मिनिटं थांबा, आणि सीट बाहेर असताना इग्निशन देऊ नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. भरवसा नसेल तर हे मिस्त्रीवर सोडा. काही गाड्यांत सीटखाली किंवा कार्पेटखाली वायरींचे जोड आणि कंट्रोल युनिट असतात. जोडांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर वायरमनला दाखवा. "पावसाळ्यात सेन्सरचे दिवे लागतात" या तक्रारीचं मूळ कधीकधी इथं निघतं.

फोम दाबून, पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं जितकं निघेल तितकं काढा, मग ऊन. आपलं ऑक्टोबरचं ऊन या कामाला उत्तम. झडीच्या दिवसांत ऊनच नसेल तर इंजिन चालू ठेवून एसी आणि हीटर दोन्ही लावा. एसी हवेतलं पाणी काढतो, गरमी फोममधलं पाणी हवेत सोडते. हे मोकळ्या जागेत, बंद शेडमध्ये कधीच नाही. धूर कोंडून जीव जातो. हवा आत फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. वाटीत मीठ, तांदूळ, सिलिकाच्या पुड्या ठेवून फोम वाळत नाही.

गंजाचा डाग दिसला तर घासून, गंजरोधक प्रायमर मारून मगच कार्पेट टाका. फोम काळा पडून भुगा होत असेल तर तेवढा कापून फेकून द्या आणि कुशनवाल्याकडून तसाच थर नवा घाला.

आणि ते ७डी मॅट. नवी गाडी घेतली की शोरूमबाहेरच कोणीतरी फ्लोअर लॅमिनेशन आणि ७डी मॅट गळ्यात मारतो. दिसायला छान, पुसायला सोपं, मान्य. पण खालून आलेली ओल त्याच्याखाली कोंडून राहते आणि वर पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा पत्र्याला पापुद्रे आलेले असतात. ज्याला पाण्याचा त्रास आहे त्यानं ते काढून साधे रबरी मॅट टाकावेत. ज्याला त्रास नाही त्यानंही दर पावसाळ्यात एकदा ते उचलून खाली हात घालावा.

पुराचं पाणी वेगळं

आपल्याकडं पाऊस पडतो कमी, पण पडतो तेव्हा चार दिवसांत हिशोब पुरा करतो. २०२५ च्या सप्टेंबरात परांडा-भूमकडं गावांना पाण्यानं वेढलं होतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणं हा वेगळाच मूर्खपणा, त्यावर बोलत नाही. पण उभी गाडी जरी उंबऱ्याच्या वर पाण्यात गेली असेल तर ती चालू करू नका, ओढून न्या. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च बहुधा मालकाच्याच माथी येतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराच्या नुकसानीचा विषयच नाही. रबर झिजून रोज थोडं थोडं पाणी आलं, त्यानं कार्पेट सडलं, तर ते झीज म्हणून धरतात. तिथं कुठल्याच विमा कंपनीच्या मागं लागून उपयोग नाही.

पुराच्या पाण्यात गाळ असतो, त्यामुळं नुसतं वाळवून भागत नाही. कार्पेट पूर्ण बाहेर काढून धुवावं लागतं, पत्र्याच्या खाचांमधला गाळ काढावा लागतो. जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, सीटच्या बोल्टांवर गंज, असं दिसलं तर भाव न करता निघून या.

काम कोणाकडं न्यायचं

एसीच्या नळीला एसीवाला, पन्नी आणि पॅडला सीटकव्हर किंवा म्युझिकचं काम करणारा नीट हाताचा माणूस, काचेला काचवाला, ठोकलेल्या गाडीच्या झडपा आणि दिव्यांना डेंटिंगवाला. सगळं एकाच इंजिन मिस्त्रीच्या गळ्यात घातलं की तो बीडिंग बदलून मोकळा होतो, त्याचाही दोष नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी स्वतः काही चिकटवू नका. ओल्या कार्पेटचे, ओल्या फिल्टरचे तारखेसह फोटो काढा आणि जॉब कार्डवर 'पाणी कधी येतं' ते शब्दांत लिहून घ्या, 'वॉटर लीकेज' एवढंच नको. गाडी परत घेताना कार्पेट टाकायच्या आधी बोलवा म्हणावं. पत्रा उघडा असताना समोर झारी मारून दाखवली, भुकटी कोरडी राहिली, की मग पैसे द्या.